शीआनमध्ये एकच दिवस असेल तर

शिक्षक असाल आणि चीनमधल्या शीआनला एकच दिवस हाताशी असेल, तर सकाळ पेइलिन या शिलालेखांच्या संग्रहालयाला द्या. प्रसिद्ध मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी) शहराबाहेर आहेत, त्यांना वेगळा दिवस ठेवा. पेइलिनमध्ये ८३७ साली पूर्ण झालेले, ११४ शिळांवर कोरलेले कन्फ्यूशियस परंपरेचे अभिजात ग्रंथ आहेत. दगडाची पाठ्यपुस्तकंच! ओला कागद शिळेवर चिकटवून, शाईच्या बोळ्याने हलक्या हाताने ठोकत कारागीर ठसा घेताना दिसले, तर तिथे रेंगाळाच. एखादा ठसा वर्गासाठी विकत घ्या, मुलं हरखून जातील. दुपारी मोठा हंस पॅगोडा: महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी तो ६५२ साली उभा राहिला. पासपोर्ट जवळ हवाच, आणि अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचं ॲप घरूनच चालू करून निघा.