आधी दोन पट्ट्यांचा सांधा
हाताच्या हत्यारांनी सुतारकाम शिकायचं तर डबा, स्टूल नंतर. मी पहिला महिनाभर, दोन पट्ट्यांना अर्ध्या जाडीची खाच पाडून त्या एकमेकींत बसवायचा, अधिकच्या चिन्हासारखा एकच सांधा करत होतो, आणि आजही नवशिक्यांना तोच करायला सांगतो.

४० मिमी रुंद, २० मिमी जाड अशा दोन सरळ पट्ट्या घ्या. एक दुसरीवर आडवी ठेवून तिचीच रुंदी आखा, मोजपट्टी नको. रेघ गुण्याला (काटकोन दाखवणाऱ्या पट्टीला) टेकवून धारदार सुरीने ओढा: लाकडाचे तंतू तिथेच तुटतात आणि पटाशीला (लाकूड तासायच्या छिन्नीला) टेकायला कड मिळते. मार्किंग गेज (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओढणारं हत्यार) १० मिमीवर लावून दोन्ही पट्ट्यांवर वरच्याच अंगाला टेकवून फिरवा. एकीची खाच वरून काढायची, दुसरीची खालून. मग गेज जरा चुकलं तरी वरची पातळी एकच येते.

करवत रेघेच्या आत, टाकाऊ भागात चालवा. मधे दोन-तीन काप द्या आणि पटाशीने दोन्ही कडांकडून मध्याकडे या. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडची कड फुटते. माझ्या तीन पट्ट्या अशाच गेल्या.

सांधा हाताच्या दाबाने बसायला हवा. अडला तर काढून बघा, जिथे घासलं तिथे लाकूड चकाकतं. तेवढंच तासा.