दुभत्या जनावरांच्या आंबोणात सरकी पेंडीचा वापर

खान्देशात कापसाचे पीक मोठे असल्यामुळे तेल काढून उरलेली सरकी पेंड दुभत्या जनावरांसाठी सहज मिळते. मात्र ती एकटी भरपूर घालण्यापेक्षा मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा किंवा तूरचुनी यांच्यासोबत आंबोणात, म्हणजे चाऱ्याशिवाय द्यायच्या खुराकाच्या मिश्रणात, मिसळावी आणि तिचे प्रमाण आंबोणाच्या तृतीयांशाच्या आत ठेवावे. गाईला शरीरपोषणासाठी रोज सुमारे 1 किलो आणि दर लिटर दुधामागे साधारण 400 ग्रॅम आंबोण द्यावे. म्हशीला लिटरमागे 500 ग्रॅम लागते. नवी पेंड आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावी. सोबत ज्वारीचा कडबा आणि हिरवी वैरण हवीच.

खरी काळजी साठवणुकीत आहे. पावसाळ्यात दमट पेंडीवर बुरशी येते आणि तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष दुधातही उतरते. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. कुबट वासाची पेंड वाळवून किंवा भिजवून सुरक्षित होत नाही, स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही असते. ते कोठीपोट (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचा मोठा कप्पा) पूर्ण विकसित न झालेल्या लहान वासरांना बाधते, त्यामुळे त्यांना ही पेंड देऊ नये.