ओल्या मातीत कुदळ घालू नका, आणि मातीच्या इतर काही चुका

परसात भाजी लावायला निघालेली माणसं पहिला प्रश्न विचारतात तो खताचा. माती मुठीत धरून पाहिलेली नसते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वापसा नसताना, म्हणजे माती खणण्याजोगी सुकलेली नसताना, खणणं. एका वर्षी माझी टोमॅटोची रोपं तयार होऊन वाट बघत होती आणि पाऊस नुकताच थांबला होता. मी चिकणमातीचा वाफा तसाच खणला. कुदळीला चिकटून निघालेल्या मातीचे काप चकाकत होते, तरी लावणी उरकली. आठवड्याभराच्या उन्हात तिथे दगडासारखी ढेकळं झाली. रोपं खुरटली. शेवटी उपटून पाहिली, तर मुळं लावणीच्या खड्ड्यातच गोल फिरलेली होती. ओली चिकणमाती दाबली की तिच्या कणांमधल्या पोकळ्या मिटतात, मग मुळांना ना हवा मिळते ना वाट. तो वाफा भुसभुशीत व्हायला दोन वर्षं लागली. त्या काळात मी तो खणलाच नाही, फक्त वरून कंपोस्ट आणि पाल्याचं आच्छादन घालत राहिलो.

आता वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबतो आणि अंगठ्याने ढकलतो. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा आहे. कणकेसारखा राहिला तर रोपं आणखी चार दिवस ट्रेमध्येच थांबतात. वाफ्यात पायही ठेवू नका. चार फुटांपेक्षा रुंद केला नाही, तर दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो.

दुसरी चूक, चिकणमाती हलकी करायला थोडी वाळू मिसळणं. हा सल्ला ऐकला की मला खरंच राग येतो. थोड्या वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर माती आणखी कडक होते. फरक पडावा इतकी वाळू घालायची तर जवळजवळ निम्मी मातीच बदलावी लागेल. त्यापेक्षा दर हंगामात तीन-चार सेंटीमीटर चांगलं कुजलेलं कंपोस्ट पसरा. सावकाश होतं, पण होतं.

लाकडाचा कच्चा भुसा मातीत मिसळू नका. त्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी कमी असतं, म्हणून तो कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. वरून आच्छादन म्हणून चालेल.

ताजं शेण मुळांशी नको. खताला शेणाचा किंवा अमोनियाचा वास येत असेल तर ते अजून झालेलं नाही.

कुंडीच्या तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारत नाही. पाणी खड्यांच्या वरच, मातीत अडून राहतं.

मातीचा सामू (pH, म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे) न तपासता राख किंवा चुना टाकू नका. बहुतेक भाज्यांना 6 ते 7 सामू मानवतो, आणि एकदा वर गेलेला सामू खाली आणणं फार जिकिरीचं असतं.