प्रोटीनमधला शेजार मोजताना: हिमोग्लोबिनवर हात बसवण्याची पद्धत

प्रोटीनच्या घडीत कोणता रेसिड्यू (साखळीतला एकेक अमिनो आम्लाचा दुवा) कोणाला लागून आहे, हे काढायला पायथॉनच्या दहा-पंधरा ओळी पुरतात. त्या बहुधा पहिल्या दमात चालतातही. घोळ होतो तो त्यानंतर. यादी हातात येते, पण ती बरोबर आहे का, हे सांगता येत नाही. म्हणून नांदेड, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथे एमएस्सीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी स्वतःचे प्रोटीन हाती घेण्याआधी हिमोग्लोबिनवर सराव करावा. त्यातले महत्त्वाचे मिठाचे पूल (विरुद्ध भाराच्या दोन टोकांची पकड) हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या माक्स पेरुट्झ यांनी १९७० सालीच मांडले होते, त्यामुळे आपले उत्तर पडताळून पाहता येते. शिवाय किनवट-माहूरच्या बाजूला सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या एका बदलाने होणारा रक्ताचा आजार, हे नुसते पुस्तकातले उदाहरण नाही.

आधी ठरवा, ‘संपर्क’ कशाला म्हणायचे. सी-अल्फा (रेसिड्यूचा मुख्य साखळीतला कार्बन) ते सी-अल्फा ८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग), सी-बीटा (बाजूच्या साखळीचा पहिला कार्बन) ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम (ग्लायसिनला सी-बीटा नसतो, तिथे सी-अल्फा घ्यायचा), किंवा हायड्रोजन सोडून कोणतेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत, अशा तीन व्याख्या सर्रास वापरल्या जातात. पहिली झटपट आहे आणि घडीचा ढोबळ नकाशा काढायला चांगली. पण दोन रेसिड्यूंचे सी-अल्फा ६ अँगस्ट्रॉमवर असूनही बाजूच्या साखळ्या एकमेकींकडे पाठ करून असू शकतात. उलट आर्जिनिन, लायसिन यांचे हात लांब. सी-अल्फा १० अँगस्ट्रॉमवर असताना टोकाला पक्का मिठाचा पूल असतो आणि ८ च्या कटऑफला तो दिसतच नाही. कोण कोणाला खरोखर धरून आहे, हा प्रश्न असेल तर ४.५ ची व्याख्याच घ्यावी. पुढचे सगळे तिच्यावरच आहे.

प्रोटीन डेटा बँक या रचनांच्या खुल्या संग्रहातून ४एचएचबी ही फाइल एमएमसीआयएफ (अणूंच्या जागा लिहिण्याचा ठरावीक नमुना) स्वरूपात उतरवा. ही ऑक्सिजन नसलेल्या मानवी हिमोग्लोबिनची रचना, रिझोल्यूशन १.७४ अँगस्ट्रॉम. ए आणि सी या अल्फा साखळ्या १४१ रेसिड्यूंच्या, बी आणि डी या बीटा साखळ्या १४६ च्या. जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट एवढ्यावर काम भागते.

एमएमसीआयएफमध्ये प्रत्येक रेसिड्यूला दोन क्रमांक असतात, रचना सादर करणाऱ्या लेखकाचा आणि डेटा बँकेचा. जमिनीचा जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांच्यासारखेच हे: जमीन तीच, कागद वेगळा. साखळ्यांच्या अक्षरांचीही तीच गत. शोधनिबंधातले क्रमांक बहुतेक वेळा लेखकाचे असतात. कोणता संच वापरला ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

मग साफसफाई. पाणी काढा. एकाच अणूच्या दोन पर्यायी जागा दिल्या असतील तर जास्त ऑक्युपन्सीची (अणू त्या जागी किती प्रमाणात असतो त्याचा आकडा) ठेवा, नाहीतर एकच बाजूची साखळी दोनदा मोजली जाते. ऑक्युपन्सी शून्य असलेले अणू टाकून द्या; ते इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात दिसलेले नसतात, अंदाजाने बसवलेले असतात. एनएमआरच्या फाइलीत वीस-वीस मॉडेल असतात, त्यांतले एकेक वेगळे मोजा. आणि ‘हेटअ‍ॅटम’ (नेहमीच्या अमिनो आम्लांबाहेरचे अणू) म्हणून लिहिलेले सगळे सरसकट उडवू नका. त्यात हीम (ऑक्सिजन धरणारा लोहाचा गट) असते, आणि अल्फातला हिस्टिडिन ८७ व बीटातला हिस्टिडिन ९२ त्याच्या लोहालाच बांधलेले असतात. इतर प्रोटीनांत सेलेनोमेथिओनिनही (मेथिओनिनचा सेलेनियम असलेला प्रकार) याच खात्यात सापडते. ते उडवले तर साखळीला मध्येच भोके पडतात.

मोजणीला बायोपायथॉन या पायथॉनच्या संचातला ‘नेबरसर्च’ पुरेसा आहे. साडेचार हजारांच्या आसपास अणू म्हणजे जोड्या जवळजवळ एक कोटी. आत केडी-ट्री (अणू जागेनुसार वाटून ठेवणारी मांडणी) असल्याने त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. त्याला थेट रेसिड्यूंच्या जोड्या मागता येतात, पण मागू नका. तसे केले की अंतर आणि अणूंची नावे दोन्ही हातातून जातात. अणूंच्या जोड्या घ्या, मग प्रत्येक रेसिड्यू-जोडीसाठी सर्वांत कमी अंतर, ते कोणत्या अणूंमधले आणि एकूण किती अणू-जोड्या, एवढे साठवा.

आता बांधाला बांध असलेले शेजारी वगळायचे. साखळीत लागोपाठचे दोन सी-अल्फा ३.८ अँगस्ट्रॉमवर असतातच, आणि हेलिक्समध्ये (स्प्रिंगसारख्या पिळात) चौथा पुढचा रेसिड्यू साधारण ६.२ वर येतो. हिमोग्लोबिनचा बहुतेक भाग हेलिक्स, त्यामुळे हे वगळले नाहीत तर यादी त्यांनीच भरते. क्रमांकांतला फरक ४ किंवा कमी असेल तर जोडी काढा, पण *फक्त साखळी एकच असेल तर*. ही अट विसरली की ए-४० आणि बी-४१ (अक्षर साखळीचे, आकडा रेसिड्यूचा) हेही ‘शेजारी’ ठरून बाद होतात. दोन साखळ्यांमधले नेमके जे हवे होते तेच गायब, आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही.

वर्गवारीसाठी नेहमीची मापे: मिठाचा पूल, विरुद्ध भाराच्या नायट्रोजन-ऑक्सिजनमध्ये ४ अँगस्ट्रॉमपर्यंत, हायड्रोजन बंध, हायड्रोजन देणारा आणि घेणारा अणू यांच्यात ३.५ पर्यंत आणि कोन १२० अंशांहून जास्त, डायसल्फाइड (दोन गंधकांचा बंध), २.०५ च्या आसपास. पाणी टाळणारे संपर्क, कार्बन-कार्बन ४.५ पर्यंत. एक्स-रेच्या रचनांत हायड्रोजन सहसा नसतात, म्हणून कोन मोजण्याआधी ते ‘रिड्यूस’ या प्रोग्रामने किंवा रचना पाहायच्या कायमेराएक्समध्ये घालून घ्या. अ‍ॅस्पराजिन, ग्लुटामिन, हिस्टिडिन यांची टोके उलटी बसलेली असू शकतात, कारण इलेक्ट्रॉन घनतेत कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांतला फरक सहसा कळत नाही. रिड्यूस तीही तपासते.

यादी तयार झाली की ४एचएचबीमध्ये या तीन नोंदी शोधा: बी-हिस्टिडिन १४६ ते बी-अ‍ॅस्पार्टेट ९४, बी-हिस्टिडिन १४६ ते सी-लायसिन ४०, आणि ए-आर्जिनिन १४१ ते सी-अ‍ॅस्पार्टेट १२६. पहिली हरवली तर तुम्ही हिस्टिडिनला भारित रेसिड्यूंमध्ये धरलेले नाही. दुसरी हरवण्याचे कारण जास्त फसवे आहे: तिथे ऋण भार बाजूच्या साखळीवर नसून साखळीच्या शेवटच्या कार्बॉक्सिलवर आहे. बहुतेक घरगुती स्क्रिप्ट फक्त अ‍ॅस्पार्टेट-ग्लुटामेटचे ऑक्सिजन पाहतात.

तुलनेसाठी ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनची १एचएचओ घ्या (२.१ अँगस्ट्रॉम). या फाइलीत अर्धेच हिमोग्लोबिन असते, एक अल्फा आणि एक बीटा. उरलेले स्फटिकाच्या सममितीतून तयार करावे लागते. अशी पूर्ण रचना असलेली ‘बायॉलॉजिकल असेंब्ली’ उतरवली नाही तर सी-साखळीशी असलेले सगळे संपर्क ‘तुटले’ असे दिसेल आणि निष्कर्ष भलताच निघेल. हे पूल ऑक्सिजन धरल्यावर खरेच तुटतात, पण ते दिसायला चारही साखळ्या समोर हव्यात. कटऑफच्या काठावरचे संपर्कही फसवतात: एकीत ४.४, दुसरीत ४.६, म्हणून तुटला म्हणायचे का? ४.५ च्या आत आला तर जुळला आणि ५.५ च्या पलीकडे गेला तरच तुटला, असे दोन उंबरे ठेवा.

सिकलसेलसाठी २एचबीएस पाहा. त्यात दोन पूर्ण हिमोग्लोबिन, म्हणजे आठ साखळ्या आहेत. एरवी स्फटिकात शेजारच्या रेणूशी होणारे संपर्क टाकून द्यायचे असतात. इथे तेच ठेवायचे. एका रेणूच्या बीटातला व्हॅलिन ६ (निरोगी हिमोग्लोबिनमध्ये या जागी ग्लुटामेट असते) दुसऱ्याच्या बीटातल्या फिनाइलअ‍ॅलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ च्या खाचेत बसतो, आणि तंतू याच सांध्याने वाढतात. जनुकीय अहवालात हाच बदल सातव्या जागेवर लिहिलेला आढळेल, कारण तिथे सुरुवातीचा मेथिओनिन मोजतात.

अल्फाफोल्डचे (संगणकाने भाकीत केलेले) मॉडेल वापरणार असाल तर बी-फॅक्टरच्या (एक्स-रेत अणूची जागा किती अस्थिर ते सांगणाऱ्या) रकान्यात विश्वासांक असतो. तिथे आकडा मोठा तितका चांगला, एक्स-रेच्या नेमका उलट. ७० च्या खालचे रेसिड्यू संपर्कात धरू नका.

निकाल सीएसव्हीत ठेवताना साखळी, क्रमांक, इन्सर्शन कोड (क्रमांकामागे जोडलेले अक्षर), दोन्ही अणूंची नावे, अंतर आणि प्रकार असे रकाने करा. इन्सर्शन कोड गाळला तर अँटीबॉडीतले ५२ आणि ५२-ए एकच होतात. फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका. १ई१० सारखा रचनेचा कोड ते दहा अब्ज करून टाकते. पायथॉनमधले पांडाज तर सोडियमच्या ‘एनए’ला रिकामी जागा समजते, वाचताना ती सोय बंद करा.