पेटीसमोर माश्या मेल्या? आधी पिल्लं बघा

नाशिकजवळ मखमलाबादला मळ्याच्या बांधावर माझ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत. मध घरापुरता निघतो, फोन मात्र गावभरचे येतात: "ताई, दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडलाय, कुठला रोग आला?" मी उलट विचारते, शेजारी फवारणी कधी झाली?

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत थ्रिप्स या बारीक रसशोषक किडीची औषधं चालू होतात. एका दिवसात ढिगाने मेलेल्या, सोंड बाहेर आलेल्या माश्या आणि आत पिल्लं धडधाकट, हे बहुतेक वेळा विषाचं लक्षण. पिल्लांचे रोग असा एका रात्रीत सडा घालत नाहीत. बागवाल्या दादांशी गोडीने बोलून फवारणी संध्याकाळी उशिरा करायला लावा. सकाळीच करणार असतील तर आदल्या रात्री पेटीच्या दाराला जाळी लावा, वर ओलं गोणपाट टाका आणि दुसऱ्या संध्याकाळी उघडा. त्यापेक्षा जास्त कोंडू नका.

रोगाचा संशय असेल तर तो पिल्लांत शोधायचा. ऊन चढल्यावर, वारा नसताना धुराचे दोन झोत द्या आणि मधली चौकट उचला. सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे उजेड पोळ्यातल्या घराच्या तळापर्यंत जातो. निरोगी अळी पांढरीशुभ्र, चकाकती, वेटोळं करून पडलेली असते. झाकलेली घरं दाणे भरलेल्या कणसासारखी सलग दिसतात. मध्येमध्ये रिकामी, भोकं पडलेली झाकणं दिसली की थांबून नीट बघा.

झाकणाखाली अळी सरळ ताणलेली, डोकं वर आणि काळपट. चिमट्याने धरली की पाणी भरलेल्या पिशवीसारखी अख्खी निघते? मग तो थाई सॅकब्रूड. सातेरीचा हाच मोठा वैरी. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात त्याने सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या. हा विषाणू आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. कुणी पुडी विकत असेल तर पैसे वाचवा.

मी करते ते असं. राणीला तीनएक आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं. अंडी थांबतात, विषाणूला नवी पिल्लं मिळत नाहीत आणि कामकरी माश्या घरं साफ करतात. सातेरी वैतागली की पेटी सोडून जाते; राणी अडकलेली असली की सहसा जात नाही. जास्त खराब पोळी काढून जाळा. माश्या झाकू शकतील तेवढीच पोळी आत ठेवा. साखर-पाणी समसमान, संध्याकाळी, पेटीच्या आत. बाहेर सांडलं की शेजारच्या पेट्या लुटायला येतात आणि रोग घेऊन जातात. त्या पेटीची चौकट दुसरीत घालू नका, हत्यार निखाऱ्यावर धरून मगच पुढची पेटी उघडा. सुधारणा झाली नाही तर निरोगी वसाहतीतली राणी द्या.

पावसाळ्यात काळजी वेगळी. फुलोरा नसतो, माश्या कमी होतात आणि मेणकिडा पोळ्यात जाळी विणतो. दर आठवड्याला तळपाट खरवडा, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. काढलेली चांगली पोळी पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवली की किड्याची अंडीसुद्धा मरतात. (आमच्याकडे त्यासाठी मटारला जागा सोडावी लागते, त्यावर घरात वाद होतो.)

मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी, ठेवणाऱ्यांना दोन गोष्टी जास्त बघाव्या लागतात. खचलेल्या झाकणात आगकाडी घालून हळूच ओढा. तपकिरी, चिकट तार निघाली तर तो अमेरिकन फाउलब्रूड, पिल्लांचा जिवाणूजन्य रोग. त्याचे बीजाणू दशकानुदशकं टिकतात, म्हणून माश्या, पोळी, चौकटी खड्ड्यात जाळून वर माती लोटायची. दुसरा, व्हरोआ कोळी, माश्यांच्या अंगावर आणि पिल्लांवर जगणारा बारीक परजीवी. सातेरीत तो बहुधा नर पिल्लांतच वाढतो, मेलिफेरात कामकरी पिल्लांतही, म्हणून वसाहत खंगते. राणी बाजूला आहे याची खात्री करून पिल्लांच्या पोळ्यावरच्या अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, दोन चमचे पिठीसाखर टाका, घोळवा, मिनिटभर थांबून पांढऱ्या ताटात झटका. माश्या जिवंत परत जातात, कोळी तांबूस ठिपक्यांसारखे ताटात पडतात. ते नऊ-दहाच्या वर असतील तर उपचार हवाच, पण मधाची कोठी उतरवल्यानंतर. आणि उपचार संपल्यावर हीच चाचणी पुन्हा करा.