प्रेम आणि मनोविकार यांवरचा चित्रपट कसा पाहावा

अशा चित्रपटात आजार कोणाला झाला आहे यापेक्षा उपचाराची किंमत कोण मोजत आहे, हा प्रश्न आधी विचारावा. असित सेन यांचा १९६९चा ‘खामोशी’ यासाठी उत्तम नमुना आहे. प्रेमभंगाने खचलेल्या रुग्णाला बरे करण्यासाठी परिचारिका राधाने प्रेमाचे नाटक करावे, असा प्रयोग मनोरुग्णालयातील डॉक्टर करतात. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो, राधा मात्र त्याच्यात गुंतलेली राहते आणि दुसऱ्या रुग्णावरील उपचारांनंतर तिचाच तोल जातो.

एकदा कथेसाठी पाहून झाल्यावर दुसऱ्यांदा केवळ राधा साकारणाऱ्या वहिदा रेहमान यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. राधाला नकार देण्याची मुभा कितपत उरते, तिच्या जागी पुरुष परिचारक असता तर त्याच्याकडून हीच अपेक्षा केली गेली असती का, याची नोंद करत जावे. माझ्या मते चित्रपटाचा खरा विषय हाच आहे.

मग वैद्यकीय बाजू तपासावी. प्रेमाने मनोविकार बरा होतो ही पडद्याची लाडकी समजूत आहे. स्किझोफ्रेनियासारख्या, भास आणि भ्रम होणाऱ्या आजारात औषधे आणि दीर्घकाळचा आधार लागतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) लगोलग पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो, कारण तेथे भावाचा हाच आजार बहिणीच्या संसारातही शिरतो. जुन्या चित्रपटांत विजेच्या झटक्यांचे दृश्य आल्यास, भूल न देता असे उपचार करण्यास भारतात २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे, हे ध्यानात ठेवावे.