थायलंडमध्ये राहताना या चुका टाळा : व्हिसा, शिक्का आणि सीमेवरच्या चौक्या

आईच्या आजारपणाचा निरोप आला तेव्हा मी बँकॉकमधून रात्रीच्या पहिल्या विमानाने निघालो. तीन आठवड्यांनी नाशिकहून परतलो, तेव्हा सुवर्णभूमी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट दोनदा चाळला, राहण्याच्या एका वर्षाच्या मुदतवाढीच्या शिक्क्यावर बोट ठेवले आणि एकच शब्द विचारला, ‘री-एंट्री?’ बाहेर जाऊन परत येण्याचा तो परवाना मी काढलाच नव्हता. सात महिने शिल्लक असलेली माझी मुदतवाढ मी देश सोडला त्याच क्षणी संपुष्टात आली होती. त्याने मला पर्यटकाप्रमाणे साठ दिवसांचा शिक्का मारून दिला आणि नोकरीच्या व्हिसाची सगळी कागदपत्रे आम्हाला पहिल्यापासून करावी लागली.

निघताना मला कोणीही अडवले नव्हते. म्हणूनच येथे नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, की एका वर्षाची मुदतवाढ किंवा एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर देशाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी टीएम ८ हा अर्ज भरून पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा. एका फेरीसाठी १,००० बाट आणि अनेक फेऱ्यांसाठी ३,८०० बाट असे त्याचे शुल्क आहे. घरी वृद्ध आईवडील असणाऱ्याने मुदतवाढ मिळाली त्याच दिवशी, त्याच कचेरीत अनेक फेऱ्यांचा परवाना काढून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या विमानतळांवरही हा परवाना मिळतो, परंतु वाईट बातमी ऐकून धावत सुटलेल्या माणसाला तिथली खिडकी शोधण्याचे भान राहत नाही. या परवान्याने मुदत वाढत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मूळ मुदत ज्या तारखेला संपते, त्याच तारखेला परवानाही संपतो.

व्हिसाची तारीख आणि शिक्क्याची तारीख

बहुतेक घोटाळ्यांचे मूळ एकच आहे. व्हिसा म्हणजे प्रवेशासाठी चौकीवर हजर होण्याची मुभा, आणि राहण्याची परवानगी म्हणजे प्रवेशाच्या वेळी पासपोर्टवर मारलेला शिक्का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसावर जी अंतिम तारीख असते, तिच्यापूर्वी देशात प्रवेश करायचा असतो. देशात किती दिवस राहायचे, हे मात्र शिक्क्यावरची तारीख ठरवते. २०२४ च्या जुलैत सुरू झालेला ‘डेस्टिनेशन थायलंड’ व्हिसा पाच वर्षांचा असतो, म्हणून पाच वर्षे निर्धास्त राहता येते अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात त्यावर प्रत्येक प्रवेशाला १८० दिवसांचाच शिक्का मिळतो.

दिवस मोजतानाही चूक होते. आल्याचा दिवस हा पहिला दिवस धरला जातो. १ मार्चला आलेल्या माणसाचे साठ दिवस २९ एप्रिलला भरतात, ३० एप्रिलला नव्हे. मुंबईकडे जाणारे विमान मध्यरात्रीनंतरचे असेल, तर तिकिटावर तारीख ३० एप्रिल असते आणि परवानगी आदल्या रात्री बारा वाजताच संपलेली असते. अशा वेळी एक दिवस आधीचे तिकीट काढावे. सरकारी पावत्यांवर आणि स्थानिक कागदांवर बौद्ध संवत असतो, तो आपल्या इसवी सनापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे आहे. २०२५ साल तेथे २५६८ असते. दोन्ही कालगणना एकाच फायलीत असल्या, की अर्जातली तारीख चुकायला वेळ लागत नाही.

भारतीयांना मिळणाऱ्या व्हिसामुक्त प्रवेशाचे दिवसही बदलत आले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ही सवलत ३० दिवसांची होती आणि १५ जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांची झाली. त्यामुळे चुलतभावाला गेल्या खेपेस किती दिवस मिळाले होते, यावर विसंबून घराचे भाडे भरू नये. काउंटर सोडण्यापूर्वी तिथेच उभे राहून शिक्का वाचावा. शिक्क्यात चूक असेल, तर ती तेथेच दोन मिनिटांत दुरुस्त होते. नंतर मात्र हेलपाटे घालावे लागतात. व्हिसामुक्त प्रवेशावर आणखी ३० दिवस हवे असतील, तर इमिग्रेशन कचेरीत टीएम ७ अर्ज आणि १,९०० बाट देऊन अर्ज करता येतो, मात्र मुदत संपण्याच्या आत. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्ट्यांमुळे कचेऱ्या बंद असतात, हे कॅलेंडर पाहून आधीच ठरवावे.

मुदत उलटून गेली, तर दिवसाला ५०० बाट दंड असतो आणि तो जास्तीत जास्त २०,००० बाटपर्यंत, म्हणजे चाळीस दिवसांतच कमाल मर्यादेला पोहोचतो. यावरून ‘दंड भरला की संपले’ असा जो समज पसरला आहे, तो घातक आहे. मार्च २०१६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, नव्वद दिवसांहून जास्त राहून स्वतः विमानतळावर हजर झालेल्या माणसावर एक वर्षाची, एक वर्षाहून जास्त राहिल्यास तीन वर्षांची प्रवेशबंदी येते, आणि पुढे ती दहा वर्षांपर्यंत वाढते. पोलिसांच्या तपासणीत पकडले गेले, तर एक वर्षाच्या आतल्या मुदतभंगालाही पाच वर्षांची बंदी आहे. दिवस उलटल्याचे ध्यानात आले, की घरी बसून विचार करत राहू नये. कागद घेऊन स्वतः कचेरीत जावे.

घरमालकाचे काम, भाडेकरूची पंचाईत

१९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी माणूस घरात राहायला आल्यावर २४ तासांच्या आत त्याची नोंद टीएम ३० या अर्जाने करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. हॉटेलवाले हे नियमाने करतात; सदनिकेचा मालक मात्र अनेकदा परगावी असतो किंवा त्याला त्याचे गांभीर्य नसते. फटका बसतो भाडेकरूला, कारण मुदतवाढीच्या खिडकीवर या नोंदीची पावती मागितली जाते. बँकॉकमधल्या चेंगवत्थनाच्या सरकारी संकुलातल्या इमिग्रेशन कचेरीत मी पहाटेपासून रांगेत उभे राहिलेले एक जोडपे पाहिले आहे. फोटो, झेरॉक्स, प्रत्येक पानावर सही, बँकेचे पत्र असे सगळे नेटके लावून आणलेले, आणि ही एक छोटी पावती नाही म्हणून परत पाठवलेले. भाडेकरार करतानाच मालकाच्या ओळखपत्राची व घराच्या नोंदवहीची प्रत मागून घ्यावी आणि पावती हातात पडल्यावरच अनामत रक्कम द्यावी.

नव्वद दिवसांची नोंद हा याहून वेगळा विषय आहे. दीर्घ मुदतीच्या परवानगीवर राहणाऱ्याने दर नव्वद दिवसांनी टीएम ४७ भरून पत्ता कळवायचा असतो. ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत तो देता येतो आणि ऑनलाइनही सोय आहे. उशीर केल्यास २,००० बाट दंड होतो. देशाबाहेर जाऊन आल्यावर मोजणी नव्याने सुरू होते. या नोंदीने राहण्याची मुदत वाढते, असे समजणारे लोक मला दरवर्षी भेटतात. ती वाढत नाही.

सीमेवर जाऊन येणे

शेजारच्या देशात जाऊन परत यायचे आणि नवा शिक्का घ्यायचा, यालाच इथे ‘व्हिसा रन’ म्हणतात. खुष्कीच्या मार्गाने व्हिसामुक्त प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो, आणि विमानाने वारंवार असे येणाऱ्यालाही अधिकारी खऱ्या कारणाविषयी विचारून परत पाठवू शकतो. येथे संसार थाटलेल्या माणसाने या मार्गावर विसंबू नये.

दुसरी चूक पलीकडच्या देशाकडे दुर्लक्ष करण्याची. लाओसच्या सीमेवरील नोंगखायच्या मैत्री पुलावर थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का बसला, की मागे वळता येत नाही; बसने मेकाँग ओलांडून लाओसच्या चौकीवर आपल्याला व्हिसा घ्यावा लागतो, त्यासाठी फोटो, पासपोर्टातले कोरे पान आणि शक्यतो स्वच्छ डॉलरच्या नोटा लागतात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला, पण पाडांग बेसारच्या सीमाचौकीला जाण्यापूर्वी तिथले डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. २०२५ च्या जून-जुलैत कंबोडियाशी संघर्ष पेटला तेव्हा सीमेवरच्या अरण्यप्रथेतसह दोन्ही देशांमधल्या चौक्या प्रवाशांसाठी बंद झाल्या, त्या दिवसांत जुन्या माहितीवर निघालेले लोक तिथवर जाऊन माघारी आले. चौकी उघडी आहे का, हे त्याच आठवड्यात तपासून निघावे.

परत येताना, मग ते विमानाने असो वा पुलावरून, थायलंडचे डिजिटल आगमनपत्र भरायचे असते. १ मे २०२५ पासून ते बंधनकारक असून प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरता येते. ते पूर्णपणे मोफत आहे; पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले, तर ते बंद करावे.

नोकरी, एजंट आणि म्यावडीचा रस्ता

नोकरीवर आधारलेली मुदतवाढ नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपते, शिक्क्यावरची तारीख कितीही पुढची असली तरी. पत्नी आणि मुलांची परवानगीही त्याच धाग्याला बांधलेली असते. त्यामुळे राजीनाम्याची तारीख ठरवण्यापूर्वी नव्या कंपनीचे कागद कुठवर आले आहेत ते पाहावे, मुलांच्या शाळेचे सत्र पाहावे, आणि तिघांचे किंवा चौघांचे पासपोर्ट एकत्र ठेवून विचार करावा.

एजंटाची मदत घेण्यात काही गैर नाही, पण पासपोर्ट त्याच्याकडे आठवडेच्या आठवडे ठेवू नये. पन्नाशी उलटलेल्यांच्या निवृत्ती मुदतवाढीसाठी बँकेत ८,००,००० बाट दोन महिने आधीपासून असावे लागतात. ती रक्कम चार दिवसांसाठी ‘दाखवून’ देतो असे कोणी म्हटले, तर नकार द्यावा. खोटा कागद उघडकीस आल्यास पासपोर्टावरचे नाव आपले असते.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. व्हिसामुक्त प्रवेशावर येऊन इथे काम करणे बेकायदा आहे, त्यासाठी ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हकालपट्टी होऊ शकते. बँकॉकमध्ये संगणकाची नोकरी देतो असे सांगून तरुणांना आणायचे, मोटारीने सीमेवरच्या मे सोत गावाला न्यायचे आणि मोई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावडीच्या फसवणूक केंद्रांत डांबायचे, असा हा धंदा चालतो. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानाने मे सोतहून २८३ जणांना परत आणावे लागले. खरी नोकरी असेल, तर निघण्यापूर्वी नॉन-इमिग्रंट बी हा नोकरीचा व्हिसा येतो आणि येथे आल्यावर वर्क परमिट मिळते. ज्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीपूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद आहे, त्याला थायलंडमध्ये नोकरीला येण्याआधी ई-मायग्रेट प्रणालीतून भारत सरकारची मंजुरीही घ्यावी लागते. ‘आधी पर्यटक म्हणून या, कागद नंतर करू’ असा फोन आपल्या गावातल्या कोणा मुलाला आला असेल, तर त्याला विमानात बसण्यापूर्वी गाठावे आणि नेमणूकपत्र बँकॉकच्या भारतीय दूतावासाला पाठवून खात्री करून घ्यायला सांगावे.